दोन सारख्याच टॉर्च, कोणती घेऊ? (एका एए सेलवाली, खिशात मावणारी)

उंबरठा
नमस्कार मंडळी,
गेले दहा-बारा दिवस दोन टॉर्चमध्ये अडकलोय. दोन्ही एकाच एए सेलवर चालतात, दोन्ही साधारण ९ सेंटीमीटर लांब, सेल सोडून वजन ५०-५५ ग्रॅम, दोन्ही काळ्या, दोन्हींना क्लिप. शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, मागे हेडफोनच्या धाग्यावर काय रामायण झालं ते सगळ्यांनी बघितलंय. अ आणि ब म्हणू.

अ : खोक्यावर ३५० ल्युमेन, झोत १२० मीटर. बटण मागच्या टोकाला. ८, ५० आणि फुल असे तीन मोड, वर स्ट्रोब (भराभर उघडझाप). थंड पांढरा उजेड. आधीचा मोड लक्षात ठेवत नाही, दर वेळी ८ पासूनच सुरू.

ब : २०० ल्युमेन, झोत ८० मीटर. बटण बाजूला. १, १५, ८०, २०० असे मोड. उजेड जरा उबदार, ५००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरातला आकडा) ९०. शेवटचा मोड लक्षात ठेवते. बुडाला लोहचुंबक.

मन ३५० कडे ओढतंय. दीडशे ल्युमेन जास्त म्हणजे जवळजवळ दुप्पट उजेड ना? की यात काही गोम आहे? घरात वापरायची, थोडीफार बाहेर.

मीच_तो
मोबाईलला टॉर्च असतो. धागा संपला.

निशाचर
मीच_तो, तुमची वाटच बघत होतो :)

उंबरठा, गोम आहे. एका एए सेलमधून ३५० ल्युमेन हे ऐकूनच कान टवकारले. अ मध्ये १४५०० नावाचा लिथियम आयन सेल चालतो का बघा. आकाराने तो एए सारखाच, १४ मिलिमीटर जाड नि ५० मिलिमीटर लांब, पण एए चा दाब दीड व्होल्ट आणि याचा ३.७, पूर्ण चार्ज असताना ४.२. कंपन्या मोठा आकडा त्या सेलवरचा छापतात आणि साध्या सेलवरचा आकडा कुठेतरी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. भिंग घ्या आणि वाचा.

आणि हो, ब वर १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चुकूनसुद्धा घालू नका, आतलं सर्किट गेलंच म्हणून समजा. मी एक जाळलीये. अर्धा सेकंद काय सुंदर उजेड पडला होता!

उंबरठा
अरे देवा. वाचलं. "३५० ल्युमेन*" असं आहे, चांदणी मला दिसलीच नव्हती. चांदणीचा अर्थ खोक्याच्या बुडाला : १४५०० सेलवर. एए वर १५०. म्हणजे अ १५० आणि ब २००? गणित उलटंच झालं की.

ठोकताळा
उलटं झालं तरी हुरळून जाऊ नका. १५० आणि २०० मधला फरक डोळ्याला कळत नाही, शेजारी-शेजारी भिंतीवर मारल्या तर कदाचित. आपले डोळे सरळ हिशोबाने चालत नाहीत, दुप्पट वाटायला ढोबळमानाने चौपट उजेड लागतो. त्यामुळे ३५० खरे असते तरी २०० च्या "जवळजवळ दुप्पट" वाटले नसतेच.

आता १२० मीटरचं बघू. झोताचं अंतर ल्युमेनवरून नाही, कँडेलावरून काढतात. ल्युमेन म्हणजे एकूण किती उजेड बाहेर पडला, कँडेला म्हणजे तो मध्यावर किती एकवटलाय. कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, आले मीटर. म्हणजे अ चे ३६०० कँडेला. पण हे ३५० ल्युमेन असताना. तीच काच, तीच वाटी, उजेड १५० वर आला की कँडेला त्याच प्रमाणात घसरून १५४० च्या आसपास, त्याचं वर्गमूळ सव्वाएकोणचाळीस, दुप्पट साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे एए सेलवर अ चा झोत सुमारे ७९ मीटर आणि ब चा ८०. जुळ्या बहिणी म्हणालात ते खरंच निघालं.

आणि हे "अंतर" म्हणजे काय तर जिथे उजेड पाव लक्स उरतो ती जागा. पाव लक्स म्हणजे साधारण स्वच्छ रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं. तिथे उभा असलेला माणूस आहे एवढं कळेल, कोण आहे ते नाही. ओळखू यायला हवा असेल तर छापलेल्या अंतराचं निम्मं धरा, तिथे उजेड चौपट असतो.

मीच_तो
एवढं गणित येत असतं तर टॉर्च कशाला, मी सूर्यच विकत घेतला असता.

सोनसळी
ठोकताळा यांचं बरोबर आहे पण सगळे किती उजेड, किती लांब यावरच अडलेत. कसला उजेड ते बघा ना. मी आधी थंड पांढरी टॉर्च वापरायचे. एकदा अंधारात फ्यूजच्या पेटीत तपकिरी आणि लाल वायर शेजारी-शेजारी होत्या, शपथेवर सांगते दोन्ही एकाच रंगाच्या दिसत होत्या. काळे मोजे आणि निळे मोजे तर विचारूच नका, ऑफिसात दिवसभर पाय खुर्चीखाली लपवून बसले होते.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच, निळी चिप असते आणि वर पिवळ्या फॉस्फरचा थर. (त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्तात जास्त ल्युमेन काढायचे तर लालकडचा भाग कमी पडतो, मग वस्तू मेल्यासारख्या दिसतात. सीआरआय ९० म्हणजे रंग बऱ्यापैकी खरे दिसतात. ल्युमेन थोडे कमी पडले तरी चालतील, माझं मत ब ला.

कंदीलवाला
ब ला +१. एकदा चांगल्या रंगाची टॉर्च वापरली की मागे जाता येत नाही.

भटकभवानी
मी दोन्ही प्रकारच्या वापरल्यात (याच दोन नव्हेत, पण अशाच) त्यामुळे जरा लांबण लावते, माफी असावी.

बाजूच्या बटणाचा एक त्रास म्हणजे ते बॅगेत दाबलं जातं. माझी एक टॉर्च सॅकमध्ये कपड्यांच्या घडीत फुलवर सुरू झाली आणि मला कळलं कधी तर पाठीला गरम लागायला लागलं तेव्हा. आता मी बॅगेत टाकताना मागचं झाकण पाव फेरा सैल करते. आट्यांवर ॲनोडायझिंग (वीज न वाहणारा थर) असेल तर तेवढ्याने सर्किट तुटतं. दुसरा फायदा असा की बाजूचं बटण इलेक्ट्रॉनिक असतं, ते बंद असतानाही सेल थेंब-थेंब पीत राहतं, झाकण सैल केलं की तेही थांबतं. अ सारख्या मागच्या खटक्याच्या बटणाला ही भानगडच नाही, बंद म्हणजे बंद.

आणि कृपा करून अल्कलाईन सेल घालून वर्षभर ड्रॉवरमध्ये ठेवू नका! आतून पोटॅशियम हायड्रॉक्साईड पाझरतं, पांढरी खरवड जमते आणि सेल नळीतच चिकटून बसतो. थोडंच असेल तर हातमोजे घालून कापसाने व्हिनेगर लावून निघतं, जास्त असेल तर टॉर्चला रामराम. रोज वापरायची तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राईड घाला, १.२ व्होल्ट बघून घाबरू नका, अल्कलाईन सेलसुद्धा लोड पडला की तिथेच येऊन टेकतो. नुसती अडीअडचणीला ठेवायची तर एकदाच वापरायचे लिथियम एए घ्या. वजन १५ ग्रॅम, अल्कलाईनचं २३, आणि कडाक्याच्या थंडीतही चालतात.

निवड? मला मागचं बटण आवडतं. पण सोनसळी म्हणते तसा रंग हवा. म्हणजे ब ची आतडी आणि अ चं बटण. अशी मिळाली तर मलाही कळवा.

मीच_तो
सॅकमध्ये मोबाईल टाकला असता तर पाठ भाजली नसती.

भटकभवानी
मीच_तो, मोबाईल पावसात, चिखलात, दातात धरून दोरी सोडवताना वापरून दाखवा, मग बोलू. मोबाईलचा उजेड पसरट असतो, चार पावलं पुढे झोत असा नाहीच. आणि त्याची बॅटरी संपली की टॉर्चही गेली, नकाशाही गेला, फोनही गेला.

धूमकेतू
दोन्ही सोडा, १८६५० या मोठ्या लिथियम आयन सेलवाली घ्या. एए मध्ये जेमतेम अडीच वॉट-अवर असतात, १८६५० मध्ये बारा. हातावर सेंटीमीटरभर लांबी वाढेल, बाकी आयुष्य बदलेल.

निशाचर
धूमकेतू, मुद्दा बरोबर, पण उंबरठा यांनी विचारलंय दोनातलं. शिवाय १८६५० (१८ मिलिमीटर व्यास, ६५ लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं) घेताना फसवणुकीला तोटा नाही. त्यावर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेलं दिसलं तर तिथून पळा, या आकारात चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतात. एए चं मोठं सुख म्हणजे तो कुठेही मिळतो, नाहीच मिळाला तर घड्याळातून काढता येतो.

कंदीलवाला
घड्याळातून काढला की दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर. स्वानुभव.

शब्दवेल्हाळ
अवांतर : सगळे "टॉर्च टॉर्च" म्हणताय, "विजेरी" हा इतका गोड शब्द कुठे गेला? आणि आपण जिला सरसकट "बॅटरी" म्हणतो तिच्यातली गंमत बघा, बॅटरी म्हणजे खरं तर अनेक सेलची मांडणी. म्हणजे या धाग्यावरच्या दोन्ही बॅटऱ्यांमध्ये बॅटरी नाहीच, एकटा सेल आहे.

इंग्रजीतही गंमत आहे. अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना १८९९ मध्ये नळीच्या आकाराच्या विजेरीचं पेटंट मिळालं. तेव्हाचे सेल आणि कार्बन तंतूचे दिवे इतके अशक्त की सलग उजेड देता यायचा नाही, क्षणभर लावायचा आणि बंद करायचा. म्हणून नाव पडलं "फ्लॅश"लाईट. आता तासन्तास चालतात तरी नाव चिकटलंय.

मीच_तो
"विजेरी आण रे" असं घरात म्हणून बघितलं. पोरगा म्हणाला, कोण आलंय?

ठोकताळा
मूळ मुद्द्याकडे. उंबरठा, दोन्हींचा फुल मोडचा वेळ किती लिहिलाय?

उंबरठा
अ एए वर ३ तास, ब १ तास १० मिनिटं. हे मी लिहायचं विसरलो. इथे तरी अ भारी ना?

ठोकताळा
मला वाटलंच. हिशोब करा. २००० एमएएच चा निकेल मेटल हायड्राईड सेल, गुणिले १.२ व्होल्ट, म्हणजे २.४ वॉट-अवर. तीन तास चालायचं तर सरासरी ०.८ वॉट. सर्किटमधली गळती धरून एवढ्याशा टॉर्चमध्ये एका वॉटला १०० ल्युमेन मिळाले तरी खूप झालं, म्हणजे सरासरी ८० ल्युमेन. मग १५० तीन तास कसे?

तर नसतात. एफएल१ नावाचं मापनाचं स्टँडर्ड आहे, २००९ पासूनचं, त्यात ल्युमेन मोजतात सुरू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान आणि चालण्याचा वेळ धरतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे अ १५० ने सुरू होऊन हळूहळू खाली येत तिसऱ्या तासाला १५ ल्युमेनवर रेंगाळत असणार, तरी "३ तास" छापता येतात. कोणी खोटं बोलत नाही आणि तुम्हाला खरंही कळत नाही. ब बहुधा शेवटपर्यंत उजेड धरून ठेवते आणि मग एकदम मान टाकते. आलेख दिला असेल तर बघा, तीन ओळींच्या जाहिरातीपेक्षा तो एक आलेख जास्त बोलतो.

निशाचर
मग काय, ब. उजेड खरा, रंग खरे, १ ल्युमेनचा मंद मोड, मोड लक्षात ठेवते. अ ला मेमरीच नाही, दर वेळी ८ पासून टकटक करत वर जायचं? हा चक्क दोष आहे.

सोनसळी
ब.

धूमकेतू
१८६५० नसेल तर ब.

साठीचा_तरुण
सगळं वाचलं. एक प्रश्न कोणीच विचारला नाही. उंबरठा, "घरात" म्हणजे कुठे आणि वापरणार कोण?

उंबरठा
हं. हे आधीच लिहायला हवं होतं. आईसाठी हवीये. मी अधूनमधून वापरीन म्हणून "थोडीफार बाहेर".

आई ७६ वर्षांची. रात्री दोन-तीनदा उठते. मोठा दिवा लावला की बाबा जागे होतात म्हणून अंधारातच भिंत धरत जाते, मागच्या महिन्यात उंबऱ्याला ठेचकाळली (माझा आयडी बघून हसू नका). बोटांना संधिवात आहे. नाइट लॅम्प लावून दिला होता, त्याने झोप येत नाही म्हणून काढून ठेवला. तिला हातात काहीतरी हवंय.

रात्रपाळी
मग मी बोलते. माझं काम रात्रीचं, रुग्णांच्या खोल्यांत टॉर्च घेऊन फिरण्यात बरीच वर्षं गेलीत.

निशाचर ज्याला दोष म्हणतायत तोच इथे गुण आहे. ब शेवटचा मोड लक्षात ठेवते. म्हणजे उंबरठा संध्याकाळी फुल लावून पलंगाखाली पडलेलं काहीतरी शोधणार आणि बंद करून उशाशी ठेवणार, आणि रात्री तीनला आई बटण दाबणार तेव्हा २०० ल्युमेन डोळ्यांत. अंधाराला सरावलेले डोळे एकदा असे दिपले की पूर्ण सरावायला परत वीस-तीस मिनिटं लागतात, वय झालं की आणखी. पडायची वेळ नेमकी तीच. अर्धवट झोपेत माणूस नवीन काही करत नाही, हात जे रोज करतो तेच करतो. त्यामुळे दर वेळी एकच गोष्ट घडणारी टॉर्च हवी.

निशाचर
पण ब ला बटण दाबून धरलं की थेट १ ल्युमेन लागतो ना? मेमरी काही का असेना. दोन वेळा शिकवलं की येईल त्यांना.

रात्रपाळी
शिकवलेलं दिवसा आठवतं हो. शिवाय संधिवाताच्या बोटाने बाजूचं छोटं, सपाट बटण अंधारात चाचपडायचं, ते टॉर्च गोल फिरवल्यावर सापडणार, मग सेकंदभर दाबून धरायचं. मागचं बटण कुठे आहे ते शोधावं लागत नाही, टोक म्हणजे बटण. मुठीत धरून अंगठ्याने दाबता येतं, बोटांच्या टोकांचं काम नाही. फक्त स्प्रिंग किती कडक आहे ते त्यांच्याच हाताने बघा, तुमच्या नाही.

काजळमाया
लाल उजेडाची का नाही? लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत म्हणतात.

रात्रपाळी
काजळमाया, बरोबर ऐकलंय, अंधारात बघणाऱ्या पेशींना लांब लहरींचा लाल फारसा जाणवत नाही. पण तेवढ्यात उंबऱ्याची कड, सांडलेलं पाणी नीट दिसत नाही. ८ ल्युमेन पांढरे, जमिनीकडे धरून, पुरे आहेत.

आणि उंबरठा, घरात कोणाला पेसमेकर असेल तर ब चा तो चुंबक छातीच्या खिशाजवळ नको.

सोनसळी
रात्रपाळी, मी मत बदलते. मोजे काय, सकाळी बघता येतात.

भटकभवानी
अ चा स्ट्रोब कुठे आहे ते तपासा मात्र! ८, ५०, फुल नंतर लगेच स्ट्रोब असेल तर एखाद्या रात्री खोलीत डिस्को.

उंबरठा
तपासलं. फुलवर असताना दोनदा पटापट दाबलं तरच लागतो. आईकडून ते होणं कठीण आहे, माझ्याकडूनच तीन प्रयत्नांनी झालं.

ठोकताळा
८ ल्युमेनवर एका सेलमध्ये, माझ्याच वरच्या हिशोबाने, पंधरा-वीस तास तरी निघावेत. रात्रीची दहा मिनिटं धरली तर तीन महिने. तरी महिन्याने चार्ज करा. तुमचं ३५० चं प्रकरण ८ वर येऊन मिटलं तर.

उंबरठा
(अपडेट, कारण दोघा-तिघांनी व्यनित, म्हणजे खाजगी निरोपात, विचारलं)

अ घेतली. एए रिचार्जेबल सेल घातला, दोरी बांधून पलंगाच्या कठड्याला अडकवली म्हणजे चाचपडली की हाताला लागते. पहिल्या दिवशी बटण कडक वाटलं तिला, मग तिनेच युक्ती काढली, टॉर्च उलटी धरून बटण गुडघ्यावर टेकवते आणि दाबते. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्यासकट. तीन आठवडे झाले, भिंत धरणं बंद आहे.

तक्रार एकच. मागचं बटण खट्ट वाजतं. त्या आवाजाने बाबा जागे होतात.

निशाचर
ब चं बटण वाजत नाही. नुसतं सांगून ठेवतो.

मीच_तो
मोबाईल पण वाजत नाही.